ट्रॅकवरचा आवाज : टॉम कार्नेगी यांची ६१ वर्षे

मागच्या वेळी आपण रेडिओवरच्या समालोचकाबद्दल बोललो. तो घरी बसलेल्या माणसासाठी बोलतो. आज आपण पाहू त्याचा भाऊबंद, म्हणजे ट्रॅकवरच्या लाऊडस्पीकरचा निवेदक. याचा श्रोता तर समोरच बसलेला असतो. मग त्याला सांगायचं तरी काय?

उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं. तिथल्या ट्रॅकची एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटर. तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यातला एक तुकडाच दिसतो. गाडी समोरून सुसाटत जाते आणि वळणाआड नाहीशी होते. उरलेला ट्रॅक त्याला कानांनीच बघावा लागतो.

हे काम टॉम कार्नेगी यांनी १९४६ ते २००६, अशा ६१ इंडियानापोलिस ५०० शर्यतींत केलं. मूळ नाव कार्ल केनेगी, रेडिओत आल्यावर ते बदललं. तरुणपणी पोलिओसारख्या आजाराने पाय अधू झाले होते. महायुद्धामुळे बंद पडलेला ट्रॅक टोनी हलमन यांनी १९४५ मध्ये विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी माइक कार्नेगींच्या हाती आला.

त्यांची खरी कसोटी पात्रता फेरीत लागायची. तिथे एका वेळी एकच गाडी धावते, सलग चार फेऱ्या, आणि त्यांची सरासरी धरतात. आता बघा, एकट्या गाडीत शर्यत कुठली? तिची स्पर्धा घड्याळाशी, आणि घड्याळ प्रेक्षकाला दिसत नाही. गाडीने हिरवा झेंडा ओलांडला की कार्नेगी स्वर लांबवून सांगायचे, की हा निघाला! मग गप्प. इंजिनाच्या आवाजावर बोलून उपयोगही नसतो. आकडा हाती आला की क्षणभर थांबून ‘नवा ट्रॅक विक्रम’ अशी घोषणा, आणि मगच आकडा. त्या थांबण्यात सगळी गर्दी कान टवकारायची.

१९४६ साली राल्फ हेपबर्न यांची सरासरी ताशी सुमारे १३४ मैल होती, म्हणजे चार फेऱ्यांना साधारण साडेचार मिनिटं. १९७७ मध्ये टॉम स्नीवा यांनी ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. १९९६ मध्ये आरी लायंडाइक यांनी २३६.९८६ गाठला, वेळ अडीच मिनिटांच्या आसपास. पन्नास वर्षांत निवेदकाला मिळणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. अशा वेळी विशेषणं गाळायची, नाव आणि आकडा ठेवायचा.

या कामाची दुसरी बाजू कठीण आहे. १९६४ च्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत भीषण अपघात झाला. एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डोनाल्ड यांचा त्यात अंत झाला, शर्यत थांबवावी लागली. अशा वेळी धूर सगळ्यांना दिसतो, पण नेमकं काय झालं हे कुणालाच कळत नाही, आणि चालकाचे घरचे याच गर्दीत असू शकतात. निवेदकाने अंदाज बोलून दाखवला, तर तीच बातमी होते. म्हणून खात्री होईपर्यंत थांबायचं. विक्रमाआधीचं थांबणं आणि हे थांबणं, दोन्हीमागे शिस्त एकच.

कार्नेगी २०११ मध्ये गेले. आज मैदानात मोठे पडदे आहेत, मोबाइलवर वेळ दिसते. तरी लायंडाइक यांचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तो मोडेल त्या दिवशी आकडा पडद्यावर येईलच. लोक मात्र तो कुणीतरी माइकवरून सांगावा याची वाट बघतील, असं आपल्याला वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.