परळची शिवमूर्ति आणि संग्रहालयांतील तिची प्रतिकृति

गिरगांव-दादरकडील सुशिक्षित कुटुंबें मे महिन्याच्या सुटींत मुलांना कोटांतील वस्तुसंग्रहालय दाखवावयास नेतात. १९०५ सालीं कोनशिला बसलेली ही संस्था १९२२ सालीं प्रिन्स ऑफ वेल्सच्या नांवानें लोकांस खुली झाली; १९९८ पासून ती छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाते. परंतु तासाभरांत सर्व दालनें पालथीं घालणाऱ्या मुलास दुसऱ्या दिवशीं पेंढा भरलेल्या जनावरांखेरीज फारसें कांहीं आठवत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, एका खेपेस थोडें पाहावें, पण नीट पाहावें.

उदाहरणार्थ, परळची शिवमूर्ति घ्या. १९३१ सालीं परळ भागांत रस्त्याचें काम चालू असतां हा प्रचंड शिलापट्ट सांपडला. विद्वान त्याचा काळ इसवी सनाचें पांचवें-सहावें शतक मानतात. एकाच दगडांत शिवाचीं सात रूपें आहेत: मध्यभागीं एकावर एक तीन, आणि दोहों बाजूंस त्यांतूनच अंकुरल्यासारखीं चार. पायथ्याशीं वाद्यें घेतलेले गण आहेत. संग्रहालयांत आहे ती ह्या मूर्तीची प्लॅस्टरची प्रतिकृति; मूळ मूर्ति परळच्या बारादेवी मंदिरांतच असून तेथें तिची पूजा होते.

घरांतील वडील मंडळी कित्येकदां म्हणतात, "देवळांतले देव सोडून तेथले भंगलेले देव कशाला पाहावयाचे?" खंडित मूर्ति पूजेस वर्ज्य, हें शास्त्र आम्हांस मान्य आहे, पण पूजेस वर्ज्य म्हणून अभ्यासास वर्ज्य, असें होत नाहीं. अशा मूर्तीचें एरवीं विसर्जनच व्हावयाचें. संग्रहालयानें तिला छप्पर दिलें, म्हणूनच आपल्या पूर्वजांची छिन्नी कशी चालत असे, हें आज डोळ्यांनीं पाहतां येतें.

उलटपक्षीं, नव्या शिक्षणाचीं मुलें प्रतिकृति पाहून तिचें शतक पाठ करतात, आणि मूळ मूर्तीपुढें आजहि कोणी हात जोडतो, हें त्यांच्या गांवींहि नसतें. हेंहि ज्ञान अर्धेंच होय.

तेव्हां एका रविवारीं संग्रहालयांत जाऊन मुलांना सातहि रूपें स्वतः मोजूं द्यावीं. पुढच्या रविवारीं, देऊळ उघडण्याची वेळ आधीं विचारून, आजी-आजोबांसह परळास जावें. तेथें मुलांनीं त्यांना शिल्प समजावून द्यावें आणि आजींनीं मुलांस नमस्कार करावयास सांगावें. दोन्ही पिढ्यांना एकमेकींपासून शिकण्याजोगें पुष्कळ आहे.