आगोटीचे रसायनशास्त्र

पालघर जिल्ह्यात जेवणाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत अवघड काळ उन्हाळ्याचा नसतो, तो जून-जुलैचा, म्हणजे आगोटीचा असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. केळवे-माहीमच्या वाड्यांत पडवळ-शिराळ्याचे वेल अजून मांडवाला टेकलेले नसतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नाचणी-वरईची रोपे नुकती डोके वर काढतात आणि गेल्या वर्षीच्या धान्याची कणगी तळाला गेलेली असते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा इथली भूक साऱ्या महाराष्ट्राला दिसली. इथल्या माणसांना मात्र या दोन महिन्यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इथले साठवणीचे आणि रानातून अन्न मिळवण्याचे बहुतेक शहाणपण याच दोन महिन्यांभोवती गोळा झालेले आहे, आणि ते जवळून पाहिले की त्यात पक्के रसायनशास्त्र सापडते.

वळवाच्या सरी पडल्या की मनोर, विक्रमगड, कासा या बाजूच्या आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बोईसर-पालघरच्या बाजारात बसतात. शेवळा ही सुरणाच्याच प्रजातीतली रानवनस्पती. तिचा कंद वर्षभर जमिनीत दडून असतो आणि पान यायच्या आधी जांभळट आवरणातला फुलोरा मातीबाहेर येतो, तीच भाजी. जुडीशेजारी हिरव्या, आवळ्याहून लहान फळांचे छोटे वाटे असतात. ‘काकडं पण न्या ताई, नाहीतर घसा खाजेल,’ असे विकणारी सांगते, आणि ते मालाची जोडविक्री करण्यासाठी नसते.

शेवळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, दोन्ही टोकांना अणकुचीदार सुया जुडग्याने भरलेल्या असतात. दाताखाली पेशी फुटली की या सुया बाहेर पडून जिभेत, घशात रुततात. हे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून नुसती उकळून ही भाजी सुधारत नाही. काकडाच्या फळात आम्ल असते. आम्लातला हायड्रोजन ऑक्झलेटशी जोडला जातो, कॅल्शियमची पकड ढिली होते आणि स्फटिकांचा काही भाग विरघळतो. फळांतले आम्ल सौम्य असल्याने सगळ्या सुया त्याने जात नाहीत. म्हणून बाहेरचे आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा पिवळा रवाळ भाग कापून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलात चांगले परतायचे आणि मग काकडाचा रस घालून शिजवायचे. यातली एक पायरी गाळली तरी घसा लगेच सांगतो. काकड नसेल तर चिंच किंवा कोकम चालते, पण ज्या पंधरवड्यात शेवळे उगवतात त्याच पंधरवड्यात काकडाचे झाड फळांनी लगडलेले असते, हा या रानाचा मोठाच उपकार.

कडूकंदाची गोष्ट वेगळी. करांद्याच्या जातीतला हा वेलीचा कंद कच्चा खाल्ला तर विषारी आणि कमालीचा कडू. वारली आणि कातकरी घरांत त्याच्या पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकळतात आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात. टोपली वाहत्या पाण्यात ठेवण्यातच खरी मेख आहे. चकती पातळ केली की आतल्या कडू द्रव्याला बाहेर यायचे अंतर कमी होते. पण भांड्यातल्या साठलेल्या पाण्यात थोड्याच वेळात आत-बाहेर सारखा कडूपणा होतो आणि निचरा थांबतो. ओढ्याचे पाणी सतत नवे असते, त्यामुळे तो समतोल कधी होतच नाही आणि कंद पहाटेपर्यंत रिता होत राहतो. विसरणाचा हा नियम महाविद्यालयात सूत्राने शिकवतात, इथे तो टोपलीने पाळतात. जाणकाराशिवाय या कंदाच्या वाटेला कोणी जाऊ नये, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे.

बांबूच्या कोवळ्या कोंबांत, म्हणजे वास्त्यात, टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते. कोंब चिरला की विकरांच्या क्रियेने त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. हे भयंकर विष सुदैवाने अतिशय उडून जाणारे आहे. ते साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून वास्ता बारीक चिरून, भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. झाकण ठेवले तर वाफेबरोबर निघालेले पुन्हा भांड्यातच पडेल. शेवळाला आम्ल, कडूकंदाला वाहते पाणी, वास्त्याला उघडे भांडे: प्रत्येक विषाचा स्वभाव ओळखून त्याला वेगळी वाट काढून दिलेली आहे. प्रयोगशाळा नसताना हे कोणी, किती जणांनी, किती त्रास सोसून शोधले असेल, या विचाराने मला या बायकांबद्दल अपार आदर वाटतो. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबू आणि कंदमुळांसह गौण वनोपज गोळा करण्याचा वनवासींचा हक्क मान्य केला. त्या हक्काइतकेच हे ज्ञानही जपायला हवे.

जंगल जूनमध्ये देते. बाकीची तयारी त्याआधी, कोरड्या उन्हात उरकावी लागते. डिसेंबर-जानेवारीत सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडण्यांवर दोऱ्या ताणलेल्या दिसतात. बोंबलाच्या एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ना सुतळी लागते ना आकडा. ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणी असते, पण चरबी फार कमी, आणि ते शरीर इतके मऊ की वारा-ऊन लागले की पाणी झपाट्याने निघते. बांगडा किंवा तारली अशी नुसती वाळवता येत नाही. त्यांच्या तेलकट मांसातून पाणी हळू निघते, तोवर ते कुजू नये म्हणून त्यांना मीठ लागते; तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते ते वेगळेच.

अन्न टिकते ते त्यात पाणी किती आहे यावर नव्हे, तर त्यातले किती पाणी मोकळे आहे यावर. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये हे आकड्यांत मांडले. शुद्ध पाण्याची जलसक्रियता, म्हणजे मोकळ्या पाण्याचे माप, १ धरली, तर बहुतेक जिवाणू ०.९० च्या खाली वाढत नाहीत, सर्वसाधारण बुरशा ०.८० ते ०.७० पर्यंत तग धरतात आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. मीठ आणि साखर पाण्याला बांधून ठेवतात, त्यामुळे ओलसर वाटणारा पदार्थही टिकतो. मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवलेली मोहाची फुले मनुकांसारखी चिकट असूनही महिनोन्‌महिने राहतात, कारण त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते.

वसईची सुकेळी हा या शास्त्राचा सर्वांत देखणा नमुना. आगाशी-वसईच्या वाड्यांतली राजेळी केळी पुरती पिकवायची, सोलायची आणि दिवसा उन्हात वाळवायची, संध्याकाळी उचलून झाकून ठेवायची. सलग कडक उष्णता दिली तर वरचा थर आधी टणक होतो आणि आतले पाणी कोंडते. रात्रीच्या विश्रांतीत गाभ्यातला ओलावा हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात निघून जातो. वरून साखरेचा कणही घातलेला नसतो. पाणी गेले की केळ्याची स्वतःची साखर घट्ट होते आणि उरलेल्या पाण्याला धरून ठेवते. राजेळीच्या वाड्या घटल्या आणि सुकेळी करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली, याची हळहळ वाटते.

वाळवलेले अन्न जुलैत का बिघडते, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे. उघडा ठेवलेला कोरडा पदार्थ भोवतालच्या हवेशी जमवून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर कालांतराने त्या पदार्थाची जलसक्रियताही ०.८५ होते, आणि पालघरच्या किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच. मे महिन्यात कुरकुरीत असलेली मिरची किंवा सुकट घट्ट झाकणाच्या डब्यात नसेल, तर आषाढात बुरशीच्या टप्प्यात येते. अ‍ॅस्परजिलस बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन फोडणीने किंवा उकळण्याने जात नाही, म्हणून बुरशी आलेला भाग काढून बाकीचे वापरायचे धाडस करू नये. काचेच्या बरण्यांत भाज्या हवाबंद करण्याची आवड आता शहरातल्या घरांत वाढते आहे. वास्त्यासारखी आम्ल नसलेली भाजी अशी बंद करायची असेल, तर तिचा सामू ४.६ च्या खाली आणलाच पाहिजे. नाहीतर हवेविना वाढणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूला तिथे मोकळे रान मिळते.

परसबागेचे बियाणेही याच पद्धतीने जपले जाते. वाळलेल्या दुधीचा तुंबा, त्यात राख मिसळलेले काकडी-कारल्याचे बी, आणि तो चुलीच्या वर आढ्याला टांगलेला. राख ओलावा शोषते आणि किडीला त्रास देते, धूर-उबेने तुंबा कोरडा राहतो. जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा की बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. पहिल्या पावसात टोचलेले बी उगवले तरच श्रावणात मांडवावर भाजी दिसणार, आणि भात निघाल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर वाल.

इथपर्यंतच्या साऱ्या युक्त्या निसर्गाने ठेवलेल्या विषांवर चालतात. बोईसरच्या पश्चिमेला त्या चालेनाशा होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते. खाड्या आणि किनारा बिघडल्याची तक्रार घेऊन मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येऊ शकणारी शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती आम्लाने निष्प्रभ होत नाहीत, वाफेने उडत नाहीत, विकरांनी तुटत नाहीत. भाजी वाळवली तर पाणी जाते आणि धातू मागे राहतो, म्हणजे दर ग्रॅममागे तो वाढतोच. पहिल्या पावसात टाकळा सगळीकडे उगवतो, कारखान्याच्या भिंतीलगत आणि नाल्याच्या काठीही, आणि तो दिसायला तितकाच हिरवा, कोवळा असतो. ज्या बाईने आयुष्यभर रानातली भाजी नजरेने पारखली, तिची नजरही इथे उपयोगी पडत नाही. हा मला त्या परंपरेवर झालेला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, आणि त्याची जबाबदारी नाल्यात विष सोडणाऱ्यांची आहे, खुडणाऱ्यांची नाही.

ते सोडणे थांबत नाही तोवर जे हातात आहे ते करावे. कामगार वसाहतींच्या आसपास रिकाम्या तुकड्यांवर भाजी लावणारी पुष्कळ कुटुंबे बोईसरमध्ये आहेत. त्यांनी नाल्याचे पाणी भाजीला अजिबात घालू नये आणि माती एकदा तपासून घ्यावी. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याबद्दल विचारता येते. मातीची शंका असेल तर बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीचे उंच वाफे करावेत आणि त्यात शेणखत भरपूर घालावे, कारण सेंद्रिय द्रव्य धातूंना बरेचसे धरून ठेवते. अशा जागी पालक, माठ, मुळा लावू नये. जड धातू पानांत आणि मुळांत जास्त साठतात, फळांत कमी. दुधी, पडवळ, शिराळी, भेंडी लावावी आणि धूळ बसते म्हणून चांगली धुऊन घ्यावी. टाकळा आणि कुर्डू मात्र रस्त्याकडेला न खुडता मनोर-विक्रमगडकडून आलेल्या बायकांकडून विकत घ्यावा, आणि त्या सांगतील तो भाव द्यावा.