छायाचित्र घेण्यापूर्वी

गुढीपाडव्याच्या दिवशी डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर नववर्ष स्वागतयात्रा निघते. १९९९ साली तेथे सुरू झालेली ही प्रथा पुढे ठाणे, कल्याण आदी अनेक नगरांनी उचलली. नऊवारी नेसून, फेटे बांधून निघालेले स्त्रीपुरुष त्या दिवशी लोकांनी पाहावे म्हणूनच नटलेले असतात. त्यांचे छायाचित्र घेतल्यास सहसा कोणाला वावगे वाटत नाही. परंतु त्यांतीलच एखादी स्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलगाडी गाठण्यासाठी लगबगीने निघाली असता कोणा परक्या प्रवाशाने वाट अडवून तिच्यावर कॅमेरा रोखला, तर तिला संताप येईल. माणूस तोच, प्रसंग मात्र निराळा.

परदेशी गेलेल्या प्रवाशास हा भेद चटकन उमगत नाही, कारण तेथे त्याला सारेच नवल वाटते. जपानमधील क्योतो नगरात गिओन नावाची जुनी वस्ती आहे. नृत्यगायनात निपुण असलेल्या गेइको आणि ती कला शिकणाऱ्या माइको तेथे राहतात. किमोनो लेवून त्या सायंकाळी कामावर निघाल्या की प्रवासी त्यांचा पाठलाग करीत, क्वचित वस्त्रासही हात घालीत. अखेर २०१९ साली खासगी गल्ल्यांत अनुमतीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई झाली आणि १०,००० येन दंडाचे फलक लागले. २०२४ मध्ये तर अशा काही गल्ल्या प्रवाशांस बंदच करण्यात आल्या.

आपल्याकडील माणसेही एके काळी परक्यांच्या कॅमेऱ्यापुढे अशीच उभी राहिली होती. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांची चित्रे एका ठिकाणची, तर मागचा देखावा भलत्याच ठिकाणचा जोडलेला! चित्राखाली बहुधा जातीचे नाव आढळते, माणसाचे नाही. आज त्यांच्या वंशजांनी ते खंड चाळले, तरी आपला पूर्वज कोणता हे त्यांना कसे कळावे?

देवस्थानांत तर अधिकच जपावे लागते. २०१२ साली श्रीलंकेत बुद्धमूर्तीशी थट्टा करताना छायाचित्रे काढून घेणाऱ्या तीन फ्रेंच प्रवाशांना न्यायालयाने शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवल्यामुळे त्यांचा तुरुंगवास टळला, इतकेच. छायाचित्रे छापावयास दिली, तेव्हा तेथील दुकानदारांनीच पोलिसांस कळविले होते. संयुक्त अरब अमिरातीत संमतीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र घेणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो; दुबईस नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

अनुमती मागण्यास परभाषा यावी लागते असे नाही. कॅमेरा खाली ठेवून समोरच्याकडे पाहावे, किंचित हसावे, बोटाने कॅमेरा दाखवावा. एवढी खूण बहुतेक ठिकाणी समजते. मुलांच्या बाबतीत आईबापांस विचारावे. छायाचित्र काढल्यावर ते त्या माणसास दाखवावे, नाव विचारून टिपून ठेवावे, आणि प्रत पाठविण्याचा शब्द दिला असल्यास ती न विसरता पाठवावी. आणि समोरच्याने हात हलवून नकार दिला, तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, नमस्कार करावा व पुढच्या वाटेला लागावे.