नऊ रंगांची खरेदी, बेताच्या खर्चात

घटस्थापना आठवड्यावर आली की कापडबाजारात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘यंदा पहिला रंग कोणता?’ दादरचे हिंदमाता असो, पुण्याचा लक्ष्मी रोड असो की नागपूरची सीताबर्डी, दुकानांच्या दारात त्या त्या रंगाच्या कुर्त्या टांगलेल्या दिसतात. सगळ्यांना एकाच रंगाचा कपडा एकाच आठवड्यात हवा असतो. मग दुकानदार भाव कशाला उतरवील?

ही प्रथा तशी ताजी. २००० नंतरच्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी रोजचा रंग छापायला आणि वाचकांची छायाचित्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तिथून ती लोकलच्या महिला डब्यात, बँकांत, शाळांत आणि सोसायट्यांत पोहोचली. मला तिच्यात गंमत वाटते. एरवी एकमेकींकडे न पाहणाऱ्या बायका त्या नऊ दिवसांत एकमेकींच्या साडीची चौकशी करतात. पण चारशे रुपयांची एक कुर्ती धरली, तरी नऊ कुर्त्यांचे ३,६०० रुपये होतात. घरकाम करणारी बाई किंवा दुकानातली सेल्सगर्ल हा पैसा कुठून आणणार? ग्रुप फोटोच्या वेळी वेगळ्या रंगातली कोणी तरी हळूच कडेला सरकते, ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. खर्च आटोक्यात ठेवण्याचा विषय मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

आता यातली मेख सांगते. हे रंग दरवर्षी नव्याने ठरतात, अशी अनेकींची समजूत असते. प्रत्यक्षात सात रंग वारांना बांधलेले आहेत. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी राखाडी. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती, म्हणून सुरुवात पिवळ्याने झाली. २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरला, सोमवारी आली, म्हणून पहिला रंग पांढरा. सात दिवसांनी वार पुन्हा तेच येतात, तेव्हा उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले रंग मिळतात. तेवढ्यासाठीच यादीची वाट पाहावी लागते. त्यातही छापणाऱ्यांचे नेहमी एकमत असते असे नाही. २०२५ मध्ये तर तिथी वाढल्याने नवरात्र दहा दिवसांचे झाले होते.

म्हणजे सात रंगांची खरेदी वर्षभरात केव्हाही करता येते. आषाढात लग्नसराई संपलेली असते, गिऱ्हाईक कमी असते आणि सेल लागतात. तिथून नवरात्र तीन महिन्यांवर. पितृपक्षात अनेक जण नवे कपडे घेत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी घटस्थापनेच्या तोंडावर लोटते. ज्यांना त्या पंधरवड्याचे बंधन वाटत नाही, त्यांनी जरूर जावे. दुकानदार निवांत असतो, चार ठाण जास्त उलगडून दाखवतो.

पण दुकानाआधी कपाट उघडा. लाल, हिरवे आणि पिवळे बहुतेक घरांत निघतेच. हळदीची, डोहाळजेवणाची, मानपानाची एखादी साडी तळाशी असतेच. अडते ते राखाडी आणि नारिंगीशी. तेव्हा खरी खरेदी नवाची नसून दोन-तीन कपड्यांची असते. राखाडीसाठी काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटीचे कापड घ्या. लांबून ते राखाडीच दिसते आणि एरवी ऑफिसलाही चालते. काळ्याला मात्र या यादीत जागा नाही, त्याची पाळी संक्रांतीला.

सलवार-कुर्ता घालणाऱ्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय ओढणीचा. साधा पांढरा कुर्ता आणि सलवार सोमवारी तशीच चालते. इतर दिवशी त्यावर त्या रंगाची ओढणी घेतली की काम झाले. साडी नेसणाऱ्यांना काठ कामी येतो. लाल काठाची पांढरी साडी सोमवारी तर चालतेच, आणि लाल ब्लाउज घातले तर मंगळवारीही खपून जाते. ब्लाउजसाठी मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबिया मागा. साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर कापड लागते. बाही लांब असेल किंवा पन्हा कमी असेल तर शिंप्याला विचारून जास्त घ्या. आणि शेड दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. ट्यूबलाइटखाली एकसारखे वाटणारे दोन निळे उन्हात निराळे दिसतात. कापड दाराशी नेऊन बघायला कोणी हरकत घेत नाही.

स्वस्त कपड्यात फसगत होते ती रंगाची आणि आटण्याची. पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून शिवणीच्या आतल्या बाजूला घासा. रंग लागला तर तो कपडा पहिल्या धुण्यातच शेजारच्याला रंगवील. मिठाच्या पाण्यात बुडवले की कच्चा रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. रेयॉन अंगाला मऊ लागते, लाकडाच्या लगद्यापासून बनते, पण ओले असताना कमकुवत होते आणि आटतेही. ते पिळून वाळत घालू नये, आणि मापाला थोडे सैलच घ्यावे. सुरतेहून येणाऱ्या पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त असतात, आटत नाहीत, रंगही सहसा सोडत नाहीत. मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर अंगावर त्रास देतात. संध्याकाळच्या भोंडल्याला त्या ठीक.

तयार कपड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासूनच, बदलला आहे. नगाला २,५०० रुपयांपर्यंत आता पाच टक्के कर आहे. पूर्वी ही मर्यादा १,००० रुपये होती आणि त्यावर बारा टक्के लागत. बेताच्या खरेदीत २,५०० च्या वर जायचे कारण नाही, पण बिल मात्र मागून घ्या. बदलून देणार का, किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा. सणाच्या गर्दीत नंतर कोणी ऐकत नाही.

ऑफिसात किंवा सोसायटीत रंगांचा ग्रुप चालवणाऱ्यांना एक सुचवते. निरोप पाठवताना ‘त्या रंगाची ओढणी, टिकली, बांगडी, काहीही चालेल’ एवढे एक वाक्य त्यात लिहा. डझनभर नारिंगी बांगड्यांना फारसा खर्च येत नाही, आणि हात वर केला की त्या फोटोत दिसतात.