उच्चगती स्पंदगणनेसाठी डेटा संपादन उपकरणाची निवड : महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :
गायगर-म्यूलर नळी, सिंटिलेशन संसूचक किंवा एन्कोडर यांतून येणारे विद्युत स्पंद संगणकाद्वारे मोजावयाचे असल्यास योग्य डेटा संपादन उपकरण निवडावे लागते. खरेदीच्या वेळी 'प्रतिसेकंद नमुने' या एकाच आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. निसटलेले स्पंद पडद्यावर दिसत नाहीत. विद्यार्थी मात्र त्या अपुऱ्या आकड्यांवरून अर्धायुष्य काढतो. प्रस्तुत लेखात निवडीच्या निकषांचा विचार केला आहे.

१. नमुना घेणे आणि गणना करणे :
एनआय यूएसबी-६००८ हे उपकरण प्रतिसेकंद १०,००० नमुने घेते. म्हणजेच दोन नमुन्यांत १०० मायक्रोसेकंदांचे अंतर राहते व ५० मायक्रोसेकंदांचा स्पंद त्यामध्ये सहज हरवतो. त्याच उपकरणातील ३२-बिट गणक मात्र ५ मेगाहर्ट्झपर्यंतचे स्पंद मोजतो. म्हणून स्वतंत्र हार्डवेअर गणक असणे ही पहिली अट होय.

२. नियमित आणि यादृच्छिक स्पंद :
प्रतिफेरी १०२४ स्पंद देणारा एन्कोडर मिनिटास ३००० फेऱ्या फिरल्यास सेकंदाला ५१,२०० स्पंद समान अंतराने येतात. किरणोत्सारी स्रोताचे स्पंद पॉयसाँ वितरणानुसार येतात. सरासरी दर सेकंदास १,००,००० असला, तरी सुमारे ९.५ टक्के स्पंद आधीच्या स्पंदानंतर १ मायक्रोसेकंदाच्या आत येतात. सबब सरासरीच्या दसपट क्षमताही येथे अपुरी पडते. दोन लगतचे स्पंद वेगळे ओळखण्याचा किमान काळ तपासावा.

३. संसूचकाची मर्यादा :
नळीचा मृतकाल १०० मायक्रोसेकंद आणि मोजलेला दर सेकंदास १००० असल्यास खरा दर १००० ÷ (१ − ०.१), म्हणजे सुमारे ११११ येतो. ही तूट कोणतेही महागडे कार्ड भरून काढू शकत नाही. अशा नळीसाठी आर्डुइनो उनोसारखा स्वस्त मायक्रोकंट्रोलरही पुरेसा ठरतो.

४. गणकाची धारणक्षमता, कालमापन व विद्युतदाब :
१६-बिट गणक ६५,५३६ स्पंदांनंतर पुन्हा शून्यावर येतो. १ मेगाहर्ट्झला हे ६५.५ मिलिसेकंदांत घडते, तर ३२-बिट गणकास सुमारे ७१.६ मिनिटे लागतात. गणनेचा कालावधी संगणकाच्या आज्ञावलीऐवजी उपकरणातील स्फटिक घड्याळाने ठरवावा; १ सेकंदात १० मिलिसेकंदांचा विलंबही १ टक्का त्रुटी आणतो. ३.३ व्होल्टच्या रास्पबेरी पायला ५ व्होल्टचा स्पंद थेट देऊ नये. गोंगाटामुळे एकच स्पंद दोनदा मोजला जाऊ नये यासाठी श्मिट ट्रिगर वापरावा.

निष्कर्ष :
प्रथम संसूचकाचा मृतकाल, नंतर स्पंदांचे स्वरूप व रुंदी, त्यानंतर गणकाची क्षमता आणि शेवटी किंमत, असा निवडीचा क्रम असावा. खरेदीनंतर फंक्शन जनरेटरचे ज्ञात वारंवारतेचे स्पंद देऊन उपकरणाची पडताळणी करावी. मर्यादित अनुदानात प्रयोगाची विश्वासार्हता राखण्याचा हाच मार्ग आहे.