‘बूगी वूगी’मागचे राबणारे हात

‘बूगी वूगी’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो १९९६ साली सोनी टीव्हीवर सुरू झालेला जावेद जाफरीचा नाचाचा कार्यक्रम. पण हे नाव मूळचं नाचाच्या स्पर्धेचं नाहीच. ते आहे पियानो वाजवण्याच्या एका ढंगाचं, आणि त्यामागं आहे घाम गाळणाऱ्या माणसांची कहाणी.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली, तरी कृष्णवर्णीयांचे कष्ट काही संपले नाहीत. टेक्सास आणि आसपासच्या जंगलात ते लाकूडतोडीच्या, रेल्वेच्या कामावर राबत. संध्याकाळी तळावरच्या गुत्त्यात एखादा जुनापुराणा पियानो असायचा. साथीला ना ढोल, ना कोणी! मग ताल आणि सूर एकट्यानंच सांभाळायचे. डावा हात तीच ती चाल न थकता फिरवत राहायचा, उजवा त्यावर मनासारखा खेळायचा. ऐकताना आगगाडी धावल्यासारखं वाटतं. आमच्या कबनूर-इचलकरंजीतल्या बायकांना तर मागाचा खडखडाटच आठवेल!

पुढं ही माणसं पोटासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली. खोलीचं भाडं थकलं की घरातच गाण्याबजावण्याची मेजवानी ठेवायची, पियानोवाला बोलवायचा आणि आलेल्यांच्या पैशातून भाडं भागवायचं. अडीनडीला उपयोगी पडणाऱ्या आपल्या भिशीचीच आठवण होते की नाही? १९२८ साली पाइनटॉप स्मिथच्या ध्वनिमुद्रिकेनं ‘बूगी वूगी’ हे नाव गाजवलं. पण काही महिन्यांतच एका नाचघरात गोळी लागून तो गेला. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं! १९३८ साली न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये हे संगीत घुमलं. तिथं वाजवणारे अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुईस एकेकाळी शिकागोत टॅक्सी चालवत होते.

यात एक बाईही होती बरं का! त्रिनिदादला जन्मलेली हेझल स्कॉट. अभिजात रचना ती बूगी वूगीच्या ढंगात वाजवायची. जिथं काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवतील, तिथं वाजवायला तिनं ठाम नकार दिला.

हे वारं आपल्याकडंही आलं. १९३० च्या दशकात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. पुढं पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त (१९५१) पाश्चात्य ठेका घराघरांत पोचवला. त्यांच्या साथीला गोव्याचे चिक चॉकलेट होते.

पण त्या जंगलातल्या तळांवर पहिल्यांदा ही चाल वाजवली कुणी? त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही तेच झालं. तिथंही एक हात खुंट्यावर फिरत राहायचा आणि गळ्यातून सुखदुःख बाहेर पडायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. म्हणून त्या राहिल्या.

आपल्या घरात, गल्लीत एखादी आजी अजून असेल. दुपारी तिच्याजवळ घटकाभर बसा. ओवी मोबाइलवर उतरवून घ्या आणि खाली तिचं नाव लिहायला मात्र विसरू नका.