बोटीवरची खोली : आधी प्रकृती, मग खिडकी

सुटी जवळ आली की घराघरात प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वर, कोकण किंवा फार तर दक्षिण भारताच्या यात्रेपर्यंत जात. आता त्यात समुद्रप्रवासाची भर पडली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली होती. पुढे सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या मोठ्या जहाजाच्या सहली मुंबईहून निघू लागल्या. गोवा, लक्षद्वीप अशी नावे तेव्हापासून नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांतही ऐकू येऊ लागली. आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असतो, मुलगा आणि सून हौसेने बेत आखतात, नातवंडे उड्या मारतात आणि सात-आठ जणांचे आरक्षण एका बैठकीत होऊन जाते.

आरक्षण करताना बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात. एक म्हणजे पैसे, दुसरी म्हणजे खिडकीतून समुद्र दिसतो की नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या कोकण बोटीत निवडीचा प्रश्नच नव्हता. डेकवर वळकटी पसरली की झाली व्यवस्था. आजच्या जहाजावर मात्र शेकडो खोल्या असतात, आणि कोणती खोली घेतली यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची प्रकृती बरीचशी अवलंबून राहते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी थोडा विचार करावा.

बोट कोणाला लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हलत असते, पण खोलीतल्या भिंती आणि पलंग डोळ्यांना स्थिर दिसतात. कान सांगतो हालचाल आहे, डोळे सांगतात नाही. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात. यालाच आपण बोट लागणे म्हणतो. गाडी लागणे हा त्याचाच धाकटा भाऊ.

अनेकांना वाटते की बोटीचा त्रास सर्वात जास्त आजीला होईल. वस्तुस्थिती निराळी आहे. दोन वर्षांच्या आतील बाळांना बोट सहसा लागत नाही. सर्वात जास्त त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना होतो. पन्नाशीनंतर हा त्रास उलट कमी होत जातो. तरुण वयात स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा अधिक होतो, आणि गरोदरपणात, मासिक पाळीच्या दिवसांत किंवा अर्धशिशी असल्यास आणखी वाढतो. म्हणजे सात जणांच्या कुटुंबात आधी काळजी करायची ती नऊ वर्षांच्या नातीची आणि तिच्या आईची.

याची एक सोपी परीक्षा नाशिककरांच्या हाताशी आहे. कसारा घाटात किंवा सप्तशृंगगडाच्या वळणांवर घरातल्या कोणाला पिशवी धरावी लागते, ते आठवा. त्यांची नावे कागदावर लिहा. खोलीची जागा ठरवताना पहिला विचार त्यांचा.

एस.टी.चा नियम बोटीलाही लागू

एस.टी.च्या मागच्या बाकावर बसले की हाडे खिळखिळी होतात आणि मधल्या बाकावर धक्के कमी बसतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जहाजाचेही तसेच आहे. लाटांवर जहाज पुढून-मागून वरखाली होते तेव्हा त्याची दोन्ही टोके सर्वात जास्त हलतात आणि मध्यभाग कमी हलतो. ते डावी-उजवीकडे झुलते तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात आणि खालचे कमी. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची खोली उत्तम.

येथे एक गंमत आहे. सज्जा असलेल्या महागड्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. म्हणजे जास्त पैसे मोजून माणूस जास्त झुलणारी खोली घेतो! खालच्या मजल्यावर गुदमरेल अशी भीती बाळगू नये; खोल्या वातानुकूलित असतात आणि हवा खेळती ठेवलेली असते. अगदी तळाशी व पिछाडीला इंजिनाची घरघर ऐकू येते, तेवढा भाग टाळावा.

खिडकीचा उपयोग केवळ शोभेचा नाही. मळमळू लागल्यावर दूरच्या क्षितिजाकडे पाहिले की डोळे आणि कान यांचा मेळ बसतो आणि बरे वाटते. त्यामुळे दोन खोल्या घेणार असाल तर निदान एकीला तरी खिडकी असावी. बंद खिडकीची खोली असली तरी या कामासाठी पुरते.

आजी-आजोबांची खोली

वडीलधाऱ्यांना धोका आहे तो पडण्याचा. उतारवयात मांडीचे हाड मोडले तर महिनोन् महिने अंथरूण धरावे लागते, आणि कित्येकांचे चालणे त्यानंतर कायमचे मंदावते. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण अशा शस्त्रक्रियेसाठी किनाराच गाठावा लागतो. म्हणून पुढील गोष्टी आरक्षणापूर्वी विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पलंगाची. एका खोलीत चार जण झोपतील असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा त्यांतले दोन पलंग बहुधा भिंतीतून खाली ओढायचे असतात आणि त्यांवर शिडीने चढावे लागते. साठीच्या पुढच्या माणसाला ही शिडी नको. सहा वर्षांखालच्या मुलालाही वर झोपवू नये. चौघांची खोली स्वस्त पडते म्हणून आजी-आजोबा आणि दोन नातवंडे एकत्र घालण्याचा हिशेब येथेच चुकतो.

दुसरी गोष्ट न्हाणीघराची. जहाजावरचे न्हाणीघर लहान असते आणि दाराशी बरेचदा उंचसा उंबरठा असतो. आजोबांना प्रोस्टेटमुळे रात्रीत तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल, तर हा उंबरठा अंधारात तीन-चार वेळा ओलांडावा लागतो. भिंतीला धरायला दांडा आहे का, हे विचारावे. अपंगांसाठी राखलेल्या काही खोल्यांत दार रुंद असते आणि उंबरठा नसतो. चाकाची खुर्ची लागत असेल तर अशी खोली लवकर मागून घ्यावी, कारण त्यांची संख्या थोडी असते.

तिसरी गोष्ट चालण्याची. ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारे २१० मीटर आहे. समजा, खोली एका टोकाला आहे आणि लिफ्ट मध्यावर. एका फेरीला शंभर मीटर धरले आणि नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचे जेवण अशा चार वेळा जाऊन येणे धरले, तर केवळ खाण्यासाठी आठशे मीटर चालणे होते. गुडघे दुखणाऱ्या आजीला हे झेपणार आहे का? नसेल तर लिफ्टजवळची खोली घ्यावी. अगदी लागून नको, कारण तेथे रात्रभर वर्दळ असते. चार-पाच दारे सोडून असावी.

चौथी गोष्ट अंधाराची. आतल्या बाजूच्या खोलीला खिडकी नसते. दिवा मालवला की हाताला हात दिसत नाही. तान्ह्या मुलांची झोप अशा खोलीत छान होते. परंतु ज्या वृद्धांची स्मरणशक्ती कमी झाली आहे, जे संध्याकाळनंतर गोंधळतात, त्यांना येथे जाग आल्यावर आपण कुठे आहोत हेच कळत नाही. अशांना खिडकीचीच खोली द्यावी. इतरांनी घरातला छोटा रात्रदिवा बरोबर न्यावा किंवा न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवावे.

नातवंडांची खोली

सज्जा असलेल्या खोलीत दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर एका मोठ्या माणसाला कायम पहारा द्यावा लागतो. कठडा उंच असतो, पण शेजारी खुर्ची असते, आणि खुर्ची ओढून चढणे ही त्या वयाची आवडती कला. सज्जा घेतलाच तर खुर्च्या आत घ्याव्यात, दाराची वरची कडी नेहमी लावलेली असावी आणि मुलाने सज्जात एकटे जाऊ नये असा घरातल्या सर्वांचा एकच नियम असावा. आईने नाही म्हणायचे आणि आजोबांनी हळूच दार उघडायचे, असे येथे चालणार नाही.

झोपेसाठी खोलीच्या वर-खाली काय आहे ते नकाशात पाहावे. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, पायाखाली नाचगाण्याचे दालन असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत, ही जागा सर्वात शांत. कंपनी जी देईल ती खोली घ्यायची, या अटीवर काही तिकिटे स्वस्त मिळतात. एकट्यादुकट्याला ती ठीक. तीन पिढ्यांच्या कुटुंबाला नाही. एक खोली दुसऱ्या मजल्यावर आणि दुसरी आठव्यावर मिळाली तर रात्री कोणी कोणाच्या मदतीला धावायचे?

अगदी लहान बाळ आणि गरोदर स्त्री यांच्याबाबत कंपन्यांचे नियम असतात. सहा महिन्यांखालील बाळाला आणि २४ आठवड्यांपुढील गरोदर स्त्रीला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तिकिटापूर्वीच खात्री करावी.

दोन खोल्या का हव्यात?

आता वाटणीचा प्रश्न. उदाहरणार्थ आजी, आजोबा, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू असे सहा जण घेऊ. त्यांनी मध्यावरच्या, एकमेकींना लागून असलेल्या किंवा मधे दार असलेल्या दोन खोल्या घ्याव्यात. एका खोलीत आई-वडील आणि दोन्ही मुले. दुसरीत आजी-आजोबा, दोघांचेही पलंग खाली. ‘नातू माझ्याजवळच झोपेल’ असा आजीचा आग्रह असतो. दुपारी जरूर झोपू द्यावे. रात्री मात्र आजीला मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे घेऊन शांत झोप हवी. तीन वर्षांच्या मुलाच्या लाथा नकोत.

दुसऱ्या खोलीचे आणखी एक कारण आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. जहाजावर अनेक माणसे एकाच छताखाली जेवतात, एकाच कठड्याला हात लावतात. तेथे उलट्या-जुलाबांची साथ पसरायला वेळ लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर ६६ जण कोविडबाधित आढळले होते. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर ३,७११ माणसे अडकून पडली, त्यांतील सातशेहून अधिक जणांना लागण झाली, आणि प्रवाशांना दिवसच्या दिवस आपापल्या खोलीत बसून राहावे लागले. असा प्रसंग क्वचित येतो. पण एका मुलाला जुलाब लागणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्या वेळी आजारी मुलाला आईजवळ ठेवून बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत हलवता आले पाहिजे. सहा जण एकाच न्हाणीघरावर असतील तर हे जमत नाही. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर हाताला चोळायचे सॅनिटायझर पुरेसे पडत नाही. जेवणापूर्वी आणि संडासनंतर साबण व पाण्यानेच हात धुवावेत.

औषधांचे थोडेसे

मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा केल्या जातात आणि खोलीपर्यंत पोचायला काही तास लागतात. म्हणून रोजच्या गोळ्या, इन्शुलिन, मीठ-साखरेची पाकिटे, मुलांचे कपडे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. वापरात असलेली इन्शुलिनची बाटली ३० अंशांच्या आतील तापमानात सुमारे चार आठवडे टिकते, त्यामुळे थंड खोलीत तिची काळजी नाही. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या उलटी सुरू होण्यापूर्वी घ्याव्या लागतात. त्यांनी झोप येते. वृद्धांचा तोल त्यामुळे जाऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते आणि काचबिंदू असलेल्यांच्या डोळ्यावरचा ताण वाढू शकतो. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलाला देऊच नये. शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. आल्याचा तुकडा चघळणे, थोडे थोडे कोरडे खाणे, तेलकट टाळणे आणि मोकळ्या हवेत बसणे हे उपाय कोणालाही करता येतात. शक्य असेल तर पावसाळ्याचे महिने टाळून समुद्र शांत असताना जावे.

थोडक्यात सांगायचे तर कागद घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा : गाडी लागते का, रात्री किती वेळा उठावे लागते, किती चालवते, आणि झोपेत कोणाची सोबत लागते. मग जहाजाचा नकाशा उघडा. खोली कोठे हवी ते तो कागदच सांगेल. समुद्र सर्वांनाच दिसणार आहे, डेकवर तो फुकट आहे. आजोबा परत येताना स्वतःच्या पायांनी उतरले पाहिजेत, एवढे पाहून खोली घ्या.